ओल शोधताना

विहिरीच्या कर्जाच्या अर्जात बेडकासाठी रकाना नव्हता. सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, दोन जामीनदार, सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला, एवढे सगळे जोडून झाले की शेवटच्या पानावर शाखेच्या शेती अधिकाऱ्याने ‘जागेवर जाऊन समक्ष पाहणी केली’ असे लिहायचे आणि खाली सही करायची. १९८८ साली पोलादपूर तालुक्यात अशी सही करणारा अधिकारी मी होतो. वय एकोणतीस, डोक्यावर उद्दिष्टांचे ओझे, आणि मार्च संपायला तीन आठवडे उरलेले. बँकेत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना मार्चचे शेवटचे तीन आठवडे म्हणजे काय ते सांगायला नको.

अर्जदार म्हातारा होता. म्हातारा म्हणजे त्या वेळी पंचावन्न-छप्पन्नचा असेल. आज मी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा आहे, ही गोष्ट वेगळी. कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. मी मोटारसायकल लावली, कागद काढले आणि गट नंबर विचारला. तो म्हणाला, “सायेब, आधी वर चला.”

वर म्हणजे घळीत. महाडकरांना घळ म्हणजे काय ते समजावण्याची गरज नाही. समर्थांची शिवथरघळ ज्यांनी पाहिली आहे त्यांनाही नाही. इतरांसाठी सांगतो. डोंगराला वरपासून खालपर्यंत चीर पडावी तशी अरुंद खोल जागा, दोन्ही बाजूंना काळा कातळ, पावसाळ्यात तिथून पाणी गर्जत उतरते आणि दिवाळीनंतर नुसते धोंडे उरतात. त्या धोंड्यांतून हात टेकत आम्ही चढलो. एका ठिकाणी कातळाच्या बुडाशी ओलसर काळी रेघ होती, तिच्याखाली ओंजळभर पाणी. म्हाताऱ्याने एक दगड अलगद उचलला. खाली सुरकुतलेल्या कातडीचा, अंगठ्याएवढा, मातकट बेडूक बसलेला. तो हलला नाही. म्हाताऱ्याने दगड जसा होता तसा ठेवला.

“ह्यो शिमग्यातबी हितं असतो आन् वैशाखातबी हितंच असतो. हीर हितं खनाया पायजे.”

मी नकाशा पाहिला. घळीच्या तोंडाची जागा चुलत भावाच्या नावे, आणि भावकीचा दावा कोर्टात. तारण त्याच्या स्वतःच्या गटाचे, तो दोनशे फूट खाली, उघड्या माळावर. मी त्याला नियम समजावला. नियम समजावण्यात मी तरबेज होतो. ‘समक्ष पाहणी केली, जागा योग्य वाटते’ असे लिहून सही केली आणि मार्चच्या आत पहिला हप्ता वाटलाही. विहीर बत्तीस फूट गेली. सुरुंगाचे पैसे वेगळे झाले. खाली अखंड काळा दगड लागला आणि पावसाचे साठलेले पाणी माघापर्यंत आटून गेले. मग नोटिसा, मग १९९० ची कर्जमाफी. दहा हजारांपर्यंतची थकबाकी तिच्यात निघाली, खाते बंद झाले, माझी बदली झाली. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, माणसांच्या दुःखांवर बरेच शब्द खर्च केले, पण त्यांतल्या एकाही कादंबरीत ती विहीर आली नाही.

बऱ्याच वर्षांनी वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ भाषांतरातून वाचायला घेतली. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी. पण त्याच्या ग्रंथात दकार्गल नावाचे एक अख्खे प्रकरण जमिनीखालचे पाणी कसे ओळखावे यावर आहे. अमुक झाड, त्याच्या अमुक दिशेला वारूळ, मग इतके पुरुष खोल खणा. आधी या रंगाची माती लागेल, मग बेडूक सापडेल, मग पाणी. वारंवार तो बेडूक येतो. त्यातली सगळी गणिते खरी ठरतील असे कोणी म्हणणार नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाहणी अहवालात बेडकाला रकाना होता, आणि माझ्या अहवालात नव्हता, हे वाचताना काही मला बरे वाटले नाही.

तरीही मी तिकडे गेलो नसतो. निमित्त झाले ते भलतीकडचे.

निवृत्तीनंतर २०१९ साली मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. जावयाने डेथ व्हॅली दाखवायला नेले. वाटेत लोन पाइन नावाचे लहानसे गाव लागते. पश्चिमेला सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग, पूर्वेला इन्यो पर्वत, उघडाबोडका, भाजून निघालेला. कारण आपल्या ओळखीचेच. ढग सिएरावर रिकामे होतात, इन्योच्या वाट्याला उरतो तो कोरडा वारा. महाबळेश्वरला धो धो आणि पुढे माणदेशात टिपूस नाही, तसे. त्यातही त्या खोऱ्यातले नदीचे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसला पळवलेले. जावई म्हणाला, “बाबा, त्या समोरच्या डोंगरात सॅलॅमँडर आहे.”

सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण कुळाने बेडकाचा भाऊबंद. ओल्या कातडीचा उभयचर. आपल्या देशात तो फक्त दार्जिलिंगपासून पुढे ईशान्येच्या डोंगरांत सापडतो, सह्याद्रीत नाही. तो ओल्या जंगलात असावा हे समजते, पण वाळवंटात? जावयाने सांगितलेली आणि नंतर मी वाचून पडताळलेली हकिगत अशी. इन्योच्या मोजक्या काही दऱ्यांत कातळातून बारीक झरे पाझरतात. त्या झऱ्यांच्या काठच्या दगडांखाली एक सडपातळ सॅलॅमँडर राहतो. १९७९ साली त्याचे शास्त्रीय बारसे झाले; तोवर इतक्या रखरखीत डोंगरात असा प्राणी असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. याला फुप्फुसे नाहीत. कातडीतून आणि तोंडातल्या ओल्या अस्तरातून तो श्वास घेतो, म्हणजे कातडी वाळली की गुदमरून मेला. एका झऱ्यावरच्याला शेजारच्या दरीतल्या झऱ्यापर्यंत जाता येत नाही, मध्ये वाळवंट आहे. पूर्वी कधीतरी तो मुलूख ओला होता, तो वाळत गेला, आणि ही मंडळी शेवटच्या ओलीला धरून मागे राहिली.

आम्ही शोधायला गेलो नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या तपकिरी दऱ्यांकडे पाहिले आणि थर्मासमधला चहा प्यालो. पण मला एकतीस वर्षांनी पोलादपूरची घळ आठवली, आणि ती आठवण काही परत जाईना.

कोकणाला वाळवंटाची उपमा दिली तर लोक हसतील. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सावित्रीचा पूर महाडच्या बाजारपेठेत दुकानांच्या वरच्या फळीपर्यंत चढतो. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने आकाशातून थेंब नाही, आणि एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकर लागतो. पाणी थांबत नाही याला कारण डोंगराची घडण. लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्री झाला. एक थर घट्ट काळ्या दगडाचा, एक सच्छिद्र, कुजका. दोन थरांमध्ये कुठे तांबड्या मातीची पातळ पट्टी. पाणी सच्छिद्र थरात मुरते, खालच्या घट्ट थरावर किंवा त्या तांबड्या पट्टीवर अडते, आणि आडवे सरकत जिथे डोंगर कापलेला असेल तिथे बाहेर येते. डोंगर कापलेला कुठे? घळीत. म्हाताऱ्याने दाखवलेली ती ओलसर काळी रेघ म्हणजे दोन थरांचा सांधा होता. माळावर खणलेली विहीर त्या सांध्याच्या खाली, घट्ट दगडात गेली. हे मला कळायला भूगर्भशास्त्राची दोन पुस्तके लागली; त्याला दगडाखालचा एक बेडूक पुरला.

तर २०२४ च्या मे महिन्यात मी गेलो. बरोबर भाचा होता. त्याने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. “मामा, सॅलॅमँडर मिळणार नाही, पण त्याच्या तोडीचे काहीतरी दाखवतो,” असे त्याने कबूल केले होते. त्याच्या मनात होते देवगांडूळ.

हा प्राणी पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल आणि साप म्हणून मारलाही असेल. पाय नाहीत, शेपूट जवळजवळ नाही, अंगावर वळ्यांमागून वळ्या, डोळे कातडीखाली झाकलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये चाचपडायला एक बारीकशी मिशी. चकाकतो गांडुळासारखा, पण याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, जबड्यात दात आहेत. बेडूक आणि सॅलॅमँडर यांचा हा तिसरा भाऊ, जमिनीखाली गेलेला. ओल्या मातीत बिळे करून गांडुळे, वाळवी, मुंग्या खातो. काही जातींची मादी ओल्या मातीत अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते. पिल्ले फुटून पाण्यात उतरेपर्यंत ती हलत नाही. दुसऱ्या काहींची पिल्ले पाण्याचे तोंडही न पाहता अंड्यातूनच तयार होऊन येतात. विष नाही, दंश नाही, शेताचे नुकसान नाही. आणि तरी दिसला की फावडे. वाळा साप आणि खापरखवल्या हेही असेच निरुपद्रवी, तेही याच फावड्याखाली जातात.

शास्त्रज्ञांनाही हा प्राणी उशिराच भेटला. अमेरिकेतल्या एडवर्ड टेलर यांनी १९६० साली खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एक आणि डांगातल्या वघईच्या नमुन्यावरून दुसरी जात नोंदवली. वघई तेव्हा मुंबई राज्यात, म्हणून नाव पडले बॉम्बेएन्सिस. त्याच वर्षी राज्य फुटले, वघई गुजरातेत गेली, देवगांडुळाच्या नावातली मुंबई मात्र राहिली. पुढे २००३ साली आंबोलीहून एक आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावाहून एक, २००४ साली कोयनेच्या हुंबरळीहून आणखी एक. आंबोलीच्या आणि हुंबरळीच्या कामात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे वरद गिरी होते. हे सगळे आपल्या हयातीतले आहे. रायगडावरचा दगड न् दगड आपण मोजला, पण त्याच डोंगराच्या पोटात कोण राहते याची शिरगणती एकविसाव्या शतकात सुरू झाली.

शोधण्याचे शास्त्र फार नाही, शिस्त आहे. भाच्याने आधी माझ्या हाताचे डासांचे मलम धुवायला लावले. यांची कातडी सगळे शोषून घेते. दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खालून साप निघाला तर तो पलीकडे जातो. पाहून झाले की दगड होता त्याच खाचेत परत, जराही तिरका नाही. कारण त्या खाचेतली ओल दोन तासांच्या उन्हाने उडते आणि मग त्या घराला अर्थ उरत नाही. म्हाताऱ्याचे ते अलगद दगड ठेवणे मला तेव्हा हळवेपणा वाटला होता.

सकाळी सातपासून अकरापर्यंत आम्ही शंभरेक दगड उलटले असतील. विंचू मिळाले, एक खेकडा मिळाला, पालींची अंडी मिळाली. माझ्या गुडघ्यांनी दहाच्या सुमारास जाहीर तक्रार केली. ओलसर काळी रेघ होती तिथेच होती, पण ओंजळीचे पसाभर झाले होते. तिच्या बुडाशी, कपारीत, भाच्याच्या बॅटरीच्या उजेडात तो दिसला. सुरकुतलेला, मातकट, अंगठ्याएवढा. छत्तीस वर्षांपूर्वीचा तोच नसणार हे मलाही कळते. भाचा म्हणाला, हा रातबेडकांच्या कुळातला. या कुळातल्या एका जातीला पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव १९५५ साली दिले गेले. या जातीची मादीही आवाज देते, जे बेडकांत दुर्मीळ. आणि वाहत्या पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर अंडी घालते, म्हणजे पिल्ले फुटली की थेट पाण्यात. खाली पाणी नसेल तर ती अंडी फुकट. म्हणून हा बेडूक झरा सोडून जात नाही. म्हाताऱ्याच्या म्हणण्यातले शास्त्र ते एवढेच.

देवगांडूळ काही मिळाले नाही. मे महिन्यात ते ओलीच्या मागोमाग खोल जाते. खाली उतरलो तर वाडीच्या रस्त्यावर एक जेसीबी उभा होता आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर जेवत होता. बोलता बोलता कळले, हा म्हाताऱ्याचा नातू. म्हातारा जाऊन वीस वर्षे झाली. नातू आधी मुंबईत गाडीवर होता, करोनात परत आला, कर्ज काढून मशीन घेतले. (कोणत्या बँकेचे ते मी विचारले नाही.) देवगांडुळाचे वर्णन केल्यावर तो हसला. “काका, ते तर बकेटमधून निघतं. पाऊस सुरू झाला, कडेची माती ओढली, की निघतं. पहिली तीन-चार मी मारली. मग एक दिवस एकीच्या वेटोळ्यात अंडी दिसली. साबुदाण्यासारखी. तेव्हापासून नाय मारत. बाजूला ठेवतो, वर माती टाकतो.” भाच्याने डबा तसाच ठेवून वही काढली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला आणि आम्ही पुन्हा गेलो. रात्री नऊची वेळ, रिपरिप पाऊस, सगळी घळ बेडकांच्या आवाजाने भरलेली. ओल्या कातळावर बेडूकमासे चिकटून होते, पाण्याबाहेर, नुसत्या पाझरावर. हात नेला की शेपटीने उड्या मारीत. देवगांडूळ घळीत नव्हतेच. ते वाडीच्या वाटेवर, शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला होते. वीतभर लांब, जांभळट तपकिरी, बॅटरीच्या उजेडात काचेसारखे चकाकणारे. डोके मातीत खुपसून ते आत गेले, ते इतक्या संथपणे की जणू माती त्याला गिळत होती. जेमतेम दीड मिनिट. दोन महिने आणि चार हेलपाटे त्या दीड मिनिटासाठी, आणि मला त्यात तोटा दिसला नाही. जात ठरवायची तर अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात, त्यासाठी ते धरावे लागते. भाच्याने धरले नाही, फोटो घेतला.

त्या रात्री वाडीतच मुक्काम केला. पाऊस वाढला तसे घरातले कोणी झोपेना. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर डोंगर आला. २२ जुलै २०२१ ला तळीये गाव गेले, ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली. तेव्हापासून या पट्ट्यात जोराचा पाऊस म्हणजे जागरण. नातू दर तासाला बॅटरी घेऊन घळीच्या तोंडाशी जाऊन येत होता. काय पाहतोस, असे विचारले. “पाण्याचा रंग. झरा गढूळ झाला, नाय तर भलतीकडून नवा फुटला, की निघायचं.” तो दीडला आला तेव्हा म्हणाला, नितळ आहे, बेडूक ओरडताहेत, झोपा. दरडीची आगाऊ सूचना बेडूक देतात असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण डोंगरात मुरणारे पाणी कुठून शिरते आणि कुठून निघते याचा हिशेब त्या वाडीत अजून कोणीतरी रोज ठेवतो, एवढे मी पाहिले. ज्या कडा तो मशीनने कापतो त्यांचाही त्या हिशेबाशी संबंध आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. “पण हप्ता आहे ना, काका.” यावर जुना बँकवाला काय बोलणार?

आता त्या झऱ्यावर नळयोजना येते आहे. घळीच्या तोंडाशी सिमेंटची भिंत घालायची, पाणी टाकीत घ्यायचे, टाकीतून वाडीला नळ. भावकीचा दावा केव्हाच मिटला. भाचा अस्वस्थ झाला. कपार बुजली की रातबेडूक संपले, असे त्याचे म्हणणे, आणि ते खरे आहे. जगातल्या उभयचरांपैकी शेकडा एक्केचाळीस जाती संकटात आहेत असे २०२३ च्या जागतिक पाहणीने सांगितले. त्यांतल्या पुष्कळ अशाच कुठल्यातरी एका कपारीपाशी संपत असणार. पण एप्रिलमध्ये दोन हंडे डोक्यावर घेऊन ती चढण चढणाऱ्या बायकांपुढे बेडकाचे वकीलपत्र घ्यायला माझी जीभ रेटली नाही. नातवानेच मधला मार्ग काढला. भिंत सांध्याला चिकटवून न घालता चार हात खाली घ्यायची, वरची कपार आणि तिच्याखालचे डबके उघडे ठेवायचे, पाणी डबक्यातून ओसंडून मग टाकीत. एक पाइप जास्त लागेल. कंत्राटदार म्हणतो, नकाशात तसे नाही. नकाशात नाही हे वाक्य मी नोकरीत किती वेळा उच्चारले असेल! मी त्याच्या वतीने पंचायतीला अर्ज लिहून दिला. अर्ज लिहिणे मला येते. या खेपेला जागेवर जाऊन समक्ष पाहणी केल्याचा मजकूर खरा होता. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही.

निघताना म्हाताऱ्याची बायको बाहेर आली. नव्वदीच्या घरातली, कमरेत वाकलेली, नजर तेवढी शाबूत. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, “तुमीच ना ते ब्यांकेचे? फटफटीवर आलावतात.”

मी होय म्हणालो. त्यापुढे काय म्हणावे ते सुचेना. विहिरीचे विचारले.

“हाय की. बुजवली नाय. पावसाळ्यात भरती काठोकाठ.” तिने माळाकडे हात केला. “रातभर वरडतात त्यात बेडकं.”